कंटिन्युइटी

कॅमेरा कॉलेजचा, लेन्स एकच,
ट्रायपॉडचा तिसरा पाय चिकटपट्टीनं बांधलेला.
बागुल सर म्हणाले होते, वास्तव दाखवायचंय ना?
मग चार दिवस कॅमेरा बंद ठेवून नुसते बसा घाटावर.
आम्ही दीड दिवस बसलो.
सामान परत द्यायची तारीख शुक्रवार होती.

गंगेवर, दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे,
डिग्या जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून पाण्यात फेकायचा
आणि हळूहळू ओढायचा,
झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढावी तसा.
कधी खिळा, कधी छत्रीची काडी,
कधी कुणाचा नवस : एक रुपया, शेवाळलेला.

पहिल्या टेकला खरंच सापडलं नाणं.
फोकस गेला, हर्षल म्हणाला.
मी म्हटलं, डिग्या, परत एकदा.
‘परत कसं सापडंल, ताई?’
मी पर्स उघडली. पाचचं नाणं काढलं.
‘ते पिवळं नको, ते चिकटत नाही. दोनचं टाका.’
सगळ्या युनिटमध्ये तंत्र कळणारा तो एकटाच.

मी दोनचं टाकलं.
त्यानं पाण्याकडे पाहायला हवं होतं.
तो माझ्या हाताकडे पाहत होता.

चौथ्या टेकपर्यंत तो शिकला
आधी न सापडल्याचा चेहरा करायचा
आणि मग सापडवायचं.
सरांना पुढे तोच टेक आवडला.
किती सहज आहे पोरगं, म्हणाले.
नाण्याचा तो बारीक टिक् आवाज
अल्फियानं नंतर घरी केला,
अम्मीच्या मशीनची बॉबिन आणि सुपारीचा डबा घेऊन.
खरा आवाज पाण्याखालीच राहिला, कुणाच्या माइकला न सापडता.

संध्याकाळी त्याला दोनशे रुपये दिले.
व्हाउचरवर लिहिलं : मानधन.
त्यानं सही केली, ‘दि’ला वेलांटी द्यायची विसरून.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं.
काल मारुतीच्या पावलांशी होतं, आज पोटरीपर्यंत.
आणि डिग्या आला तो
बुधवारच्या बाजारातला कोरा शर्ट घालून,
निळा, छातीवर विमान,
केसांना तेल, घडीच्या रेघा अजून पाठीवर.
‘शूटिंग हाय ना.’

मी माझ्या वहीत पाहिलं.
वहीत होतं : राखाडी शर्ट, दुसरं बटण नाही.
‘कालचा कुठंय?’
‘आईनं धुतला. ओलाय.’
‘तोच लागेल रे.’

पाण्याला कुणी म्हणालं नाही, कालचं घाल.

तो पळत गेला, पळत आला.
अंगाला चिकटलेला शर्ट, दात वाजतायत.
मीच गप्प झाले तेव्हा तोच म्हणाला,
‘उतरायचंच हाय की पाण्यात, त्यात काय.’
हे त्यानं माझ्यासाठी म्हटलं होतं,
हे मला एडिटिंगच्या टेबलावर कळलं. रात्री दोनला.

माझे वडील सातपूरला लेथवर आहेत.
सहामाही शिफ्टची चाळीस वर्षं म्हणा.
घरात त्यांचा तेलकट कपड्यांतला एकही फोटो नाही.
कुणी मोबाइल काढला की म्हणतात,
थांब, शर्ट बदलून येतो.
मला वाटायचं, लाजतात.

फिल्म अकरा मिनिटांची झाली.
हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, कुणीतरी ‘अस्सल’ म्हणालं.
डिग्या आईला घेऊन शेवटच्या रांगेत बसला होता.
बाहेर येऊन म्हणाला, पाच फेकली होती तुम्ही, मी चारच काढली.
एक हाय अजून तिथं.
काढून ठेवू का?

हार्ड डिस्कवर एक तुकडा आहे, नऊ सेकंदांचा.
हर्षलनं उजेड तपासायला घेतलेला.
निळा शर्ट. दोन्ही हातांनी कॉलर ताठ करतोय,
विमान दिसावं म्हणून जरा तिरका उभा,
सरळ लेन्समध्ये बघून हसतोय,
जे आम्ही त्याला करू नको म्हणून सांगितलं होतं.
क्लॅपवर खडूनं लिहिलंय सीन चार, शॉट दोन, टेक
आणि पुढं काहीच नाही.